इंग्रजी जोड्यांचा झिम्मा

प्लेगच्या आधीची गोष्ट. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. माझे शिक्षण मिशनच्या शाळेत, सगळे इंग्रजीतून झालेले. पण चौघींत बोलायचे म्हटले की शब्द तोंडातल्या तोंडात राहायचे. मोठ्या बाई एकदा म्हणाल्याच, "तुमचं इंग्रजी चांगलं, पण ते फळ्याला तरी ऐकू जातं का? शुक्रवारी तपासणीला मडम येणार आहेत. मुली बोलल्या तर चौथीचं इंग्रजी तुमचं. नाही तर शिवण आहेच."

मला शिवण नको होते.

चौथीच्या मुली हुशार होत्या, पण "माय फादर अ‍ॅडव्हाइस मी" म्हणत. कितीही सुधारले तरी पुन्हा तेच. मग माझ्या ध्यानात आले, की घरी वडील-भाऊ कचेरीतला इंग्रजी शब्द आणतात आणि त्याला 'करणे' जोडून मोकळे होतात. अ‍ॅडव्हाइस केला, प्रूफ केले. आमच्याकडे सगळी कामे 'करणे' उरकते. इंग्रजीत शब्दाला शेवटचा आवाज बदलून स्वतः उठावे लागते.

श्रावण होता. वर्गातल्या निम्म्या मुली मंगळागौर जागवून आलेल्या. मी बाके भिंतीला लावली आणि झिम्म्याच्या दोन रांगा केल्या. वस्तूचे नाव घेणारी रांग जागची हलायची नाही. कामाचा शब्द म्हणणारीने पुढे येऊन टाळी द्यायची. बिलीफ, बिलीव्ह. प्रूफ, प्रूव्ह. अ‍ॅडव्हाइस, अ‍ॅडव्हाइझ.

"बाई, आई विचारेल, झिम्मा खेळायला शाळेत कशाला जातेस?" एक म्हणाली.

"तिलाही घेऊन ये," दुसरी म्हणाली. "झिम्म्यात ती तुला दमवील."

शुक्रवारी मडम आल्या. मुली बाकांवर हाताची घडी घालून बसल्या होत्या. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. एकीचेही तोंड उघडेना. मोठ्या बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मडमसमोर असला खेळ मांडावा की नाही, हे विचारायलाही वेळ नव्हता. मी म्हटले, "उठा. रांगा करा."

सारा मजला दणाणला. मडम आधी दचकल्या, मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. शेवटी त्यांनी आपल्या मनाने एक शब्द टाकला, मी कधी न शिकवलेला, दुःखाचा: "ग्रीफ."

नावाची रांग तो शब्द म्हणून थांबली. समोरच्या रांगेतली सगळ्यांत लहान मुलगी तो शब्द ओठांतल्या ओठांत घोळवून पुढे आली आणि टाळी देत म्हणाली, "ग्रीव्ह."

मला तो शब्द तिच्या तोंडून ऐकताना जो अभिमान वाटला, तो माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या निकालालाही वाटला नव्हता.

मडम गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून चौथी तुमची. झिम्मा मात्र जरा हळू. खाली बिऱ्हाडं आहेत."

"हळू नाही व्हायचा, बाई," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "बरं," म्हणाल्या. "खालच्यांना मी सांगते."