मिरचीच्या देठांचा कोळसा

"थकला का गा तो?"

सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकताच मॅडमचा पहिला प्रश्न हा असायचा. पर्स अजून खांद्यावर, हेल्मेट हातात. नव्या माणसाला वाटे, यांच्या घरी कोणी आजारी आहे. खरं तर चौकशी चालायची एका काळ्या भुकटीची.

नागपूरच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्यांचा सहकारी. तळणाच्या उरलेल्या तेलापासून इंधन करताना तीव्र ॲसिड ओतावं लागतं. मॅडमना त्याऐवजी कोळशाचा उत्प्रेरक हवा होता. त्यानं प्रक्रिया घडवून आणायची आणि गाळून घेतला की पुन्हा कामाला लागायचं. थकायचं नाही, एवढीच अट.

या हट्टाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला होता. ओतताना ॲसिड उडालं आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

"दवाखान्यात मले म्हणे, ताई, तू तं केमिस्ट्रीची मास्तरीण, याच्यावर काही काढ ना वं. मजाक करून राहिला होता. मले नाही हसू आलं."

कोळशासाठी त्यांनी माहेरच्या भिवापूरहून मिरचीचे देठ आणले. तिथे मिरच्यांचे देठ खुडून झाले की त्यांचे ढीग उरतात. पहिल्यांदा भट्टी तापली आणि अख्खा मजला खोकत व्हरांड्यात आला. प्राचार्य डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, हे रसायनशास्त्र आहे का फोडणी?"

"सर, फोडणी म्हणजेबी रसायनशास्त्रच," असं म्हणून, शिंकतच, त्या पुन्हा आत गेल्या.

कोळसा झाला. त्याला ॲसिडची ताकद एकदाच, आमच्या देखरेखीत, द्यायची होती. पहिल्या खेपेला त्यानं झकास काम केलं. दुसऱ्या खेपेला रेंगाळला. तिसऱ्या खेपेला ढिम्म. भट्टीचं तापमान बदललं, वेळ बदलला, वर्ष सरत आलं. मग मॅडम विचारेनाशाच झाल्या. भावाचा फोन आला की विषय बदलायच्या.

"सोडून द्यावं काय गा?" एका दुपारी भट्टीतली वाटी घासता घासता त्या म्हणाल्या, आणि हात तिथेच थांबला. वाटीतली राख ओली होऊन बोटांना बुळबुळीत लागत होती, साबणासारखी.

"राख! अरे, कोळशाच्या पोटात राख दडून आहे. राख म्हणजे अल्कली, तीच आपलं ॲसिड हळूहळू खाऊन राहिली!"

त्यानंतर आम्ही कोळसा आधी धुऊन त्यातली राख काढली, मगच त्याला ताकद दिली. तिसरी खेप उतरली. चौथीही. पाचव्या खेपेला मॅडम स्टुलावर बसल्या आणि पदरानं चष्मा पुसत राहिल्या. चष्मा काही केल्या कोरडा होईना.

यंदा बुटीबोरीतल्या एका छोट्या कारखान्यानं चाचणी घ्यायचं ठरवलं. मॅडमनी लांब रजा घेतली. न्यायला भाऊच आला होता, मोटरसायकलवर. कोळशाचा डबा मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या.

"ताई, इतकी काहून पकडून बसली वं?"

"गप चालव. सांडलं तं भिवापूरले जावं लागन."

बरा झालेला हात ॲक्सिलरेटरवर वळला. वर्धा रोडच्या गर्दीत मला शेवटी दिसलं ते त्यांचं हेल्मेट, भावाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघणारं.