उजवीकडचा समास

सकाळपासून सरांचं चित्र काढतोय आणि नाक काही जमत नाही. आमचे चित्रकलेचे सर गेल्या आठवड्यात गेले. परवा काकूंचा फोन आला. "फोटोत ते त्यांच्यासारखे दिसतच नाहीत रे. भिंतीवर लावायला तूच काढून दे." मी हो म्हणालो आणि कागद घेऊन बसल्यावर कळलं, मला त्यांचा चेहरा नीट आठवतच नाही.

आठवतो तो हात. सर कायम आमच्या पाठीमागे उभे असायचे. तंबाखूचा वास आला की समजायचं, आता खांद्यावरून हात येणार. पण त्या हाताने आमच्या चित्रावर कधी रेघ ओढली नाही. चुकलेला कान, वाकडी किटली, जे काही असेल ते शेजारच्या समासात अंगठ्याएवढं काढून दाखवायचे. "चित्र तुझं आहे, माझी रेघ त्यात नको," म्हणायचे. म्हणून आम्ही कागदाच्या उजवीकडे चार बोटं जागा सोडायचो.

ज्यांनी आम्हाला बघायला शिकवलं, त्यांच्याकडेच मान वळवून बघायचं राहून गेलं. हे काकूंना कोणत्या तोंडाने सांगू?

खोडून खोडून नाकाजवळचा कागद मऊ पडलाय. आता जरा मागे सरकून पाहिलं, तर सवयीने उजवीकडे चार बोटं कोरी सोडलेली. आणि मी मान न वळवता तंबाखूच्या वासाची वाट बघत बसलोय.