मास्तरांचं अंगुस्तान

सकाळपासून मळभ होतं. टेलरमास्तरांनी दिवा लावून पँटच्या पायाच्या दुमडीला हातशिलाई घालायला घेतली, पण लक्ष सगळं भिंतीकडच्या काचेच्या टाकीत. बोटाएवढा आणलेला कॅटफिश वर्षभरात हातभर झाला होता. परवा मास्तर शिवता शिवता उठून त्याला कोळंबी भरवायला गेले, तर सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तानही त्यानं कोळंबीबरोबर गिळलं. तेव्हापासून अन्नाला तोंड लावेना. तळाशी नुसता पडून. मिशासुद्धा हलत नव्हत्या.

“जावयासारखे लाड केलेत, आता भोगा,” बायको म्हणाली. पण तिच्याही घशाखाली घास उतरत नव्हता.

तेवढ्यात टाकीत खळबळ झाली. माशानं आ वासला, अंग आकसलं आणि अंगुस्तान टणकन काचेवर आपटून खाली पडलं. मग काही झालंच नाही अशा थाटात तो वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला.

“भुकेलाय हो तो,” म्हणत बायको कोळंबी आणायला धावली. “आज मी घालते. तुमची उद्या कात्री जायची.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी अंगुस्तान काढून धुतलं, शर्टाला पुसून बोटात चढवलं आणि अर्धी राहिलेली शिलाई पुढे घेतली.