शेवटच्या रिळाचं दार

बजाबाईच्या पोटात सिनेमाचा शेवट राहत नाही, हे सोलापुरातल्या निम्म्या बायकांना ठाऊक होतं. म्हणून तर त्या तिच्या दाराला येत. थेटरात बायकांच्या बाजूला वेगळं दार होतं आणि तिथं तिकीट फाडायला, टॉर्च दाखवायला बजाबाई बसे. मूळची मंगळवेढ्याकडची, नवरा गेल्यावर पोटासाठी शहरात आलेली. अंगानं काटक, जिभेनं त्याहून. बायका तिकीट काढायच्या आधी विचारत, "बजाबाई, शेवट गोड हाय न्हवं?" मग ही समोरचीला वरपासून खालपर्यंत न्याहाळी. पोटुशी असली तर "घरला जा गं, पोर मरतंय ह्यात" म्हणून वाटेला लावी. नवी नवरी असली तर सांगे, "जा, पर मारामारीत डोळं मिटून घे." तिचा शब्द प्रमाण होता.

सोनाबाईचं मात्र वेगळं. ती एकटी यायची, दुपारच्या मॅटिनीला, आणि शेवटाआधी निघायची. तिचा नवरा कुंडलिक गिरणीत सकाळपाळीला. तीनचा भोंगा झाला आणि घरी आल्यावर चूल पेटलेली दिसली नाही, की तो हातातली विडी हिच्या दंडावर विझवायचा. एकदा पदर सरकला तेव्हा बजाबाईनं ते डाग पाहिले.

"काय गं हे?"

"कढई लागली, बजाक्का."

"कढई अशी गोल गोल लागती व्हय गं?"

सोनी हसली. पुढं कधीतरी तिनं खरं सांगितलं, तेही हसतच. दोन वर्षांत तिनं एका सिनेमाचा शेवट डोळ्यांनी पाहिला नाही. जाता जाता बजाबाईनं दोन वाक्यांत सांगायचा आणि तिनं पळायचं.

मग चौऱ्याहत्तर साली तो सुऱ्याचा सिनेमा आला. पोरींचं वसतिगृह, काळा कोट घातलेला कुणीतरी, आणि एकेका पोरीचा गळा. मारणारा कोण ते अगदी शेवटी कळायचं. मॅनेजर चन्नवीरनं हुकूम काढला, शेवट कुणाला सांगायचा नाही आणि शेवटचं रीळ लागलं की दोन्ही दारांना कड्या. "मधेच उजीड आला की सस्पेन्स मरतो, कळलं का बजाबाई?" कळलं. बजाबाईच काय, सगळं सोलापूर त्या सस्पेन्सनं येडं झालं होतं.

सोनी आली ती तिसऱ्या आठवड्यात. भोंगा झाला तशी अंधारात चाचपडत दाराशी आली. "बजाक्का, कडी काढ. भोंगा झाला."

आणि बजाबाई काय म्हणाली? म्हणाली, "थांब गं धा मिनिटं, सायबाचा हुकूम हाय. जलमात एकदा तरी शेवट बघ की!" वर हसली. सोनीनं दोनदा कडीला हात लावला, दोनदा बजाबाईनं तो बाजूला केला. मग सोनी तिथंच भिंतीला टेकून शेवट बघत उभी राहिली. सुरा चालवणारा निघाला वसतिगृहाचा दारवान. दार उघडलं तशी सोनी पदर खोचून पळत सुटली.

चौथ्या दिवशी बातमी आली, सोनी स्टोव्हचा भडका होऊन गेली. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. बजाबाई सोनीच्या घरी जाऊन आली. कोपऱ्यात चूल होती. स्टोव्ह त्या घरात कधी नव्हताच. तिला ते लख्ख दिसलं आणि ती गप्प घरी आली. विधवा बाई, परकं शहर, कुणाच्या तोंडी लागायचं? अशी समजूत तिनं स्वतःची घातली. दर सिनेमाचा शेवट गावाला सांगणारी बाई हा एक शेवट तीन वर्षं गिळून बसली.

सत्त्याहत्तरला तेच रीळ मॅटिनीला परत आलं. झिजलेलं, मधे मधे तुटणारं. हुकूम तोच, कड्या त्याच. बजाबाईला वाटलं, आपण कितीदा तरी पाहिलाय, काय त्यात! पण आता तिला ते बघवेना. शी! ते रक्त नव्हतंच, कुंकवाचं पाणी होतं, त्याचं काही नाही. किळस दुसऱ्याच गोष्टींची होती. पोरगी अंघोळीला निघाली की पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या, आणि सुरा वर गेला की त्याच तोंडांनी टाळ्या. खाली शेंगांची टरफलं, पानाच्या पिचकाऱ्या. आणि तो दारवान! मागच्या खेपेला शेवटापर्यंत तिचं त्याच्याकडं लक्षही गेलं नव्हतं. आता पहिल्यापासून दिसत होता, प्रत्येक पोरगी आत गेली की हळूच कडी घालताना. बजाबाईला तोंडात आंबट आलं. तिनं बाहेर जाऊन चूळ भरली, तरी चव जाईना.

त्याच आठवड्यात गोजरबाई आली. शेजारच्या गल्लीत विड्या वळायची. बरोबर लेक वच्छला. एक पाय अधू, पण चेहरा हसरा. "हिचं लगीन ठरलं," गोजरबाई म्हणाली. "आठ दिसांवर आलंय, म्हणलं एक सिनेमा दावावा. पावणा गिरणीत हाय. कुंडलिक. दुसरेपणाचा हाय, पर नोकरी पक्की."

बजाबाईनं तिकिटं फाडून दिली आणि टॉर्च दाखवून दोघींना तिसऱ्या बाकावर बसवलं.

मधल्या सुट्टीत तिनं गोजरबाईला मुतारीच्या भिंतीकडं ओढलं आणि सगळं सांगितलं. डाग, भोंगा, आणि नसलेला स्टोव्ह. एका दमात. गोजरबाईनं शांतपणे नाकाला पदर लावला, वास फार होता म्हणून.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"समदंच. आमच्या गल्लीत कुणाला ठावं न्हाय? पर हिचा पाय बगितलास न्हवं? हिला दुसरं कोण करून घेणार? निभंल की. समद्याच काय मरत्यात व्हय?"

"आन् पोरीला?"

"तिला कशाला सांगायचं? आठ दिस हसू दे की."

थू! बजाबाईला तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मग आठवलं, आपण तरी तीन वर्षं काय केलं? ती थुंकी तिनं स्वतःच गिळली.

शेवटचं रीळ लागलं. कड्या पडल्या. पडद्यावर पोरगी जिना चढत होती आणि अख्खं थेटर ओरडत होतं, "मागं बघ गं, मागं!" बहुतेकांनी सिनेमा आधी पाहिलेला. कोण येणार, कुठून येणार, सगळ्यांना माहीत होतं. ठाऊक नव्हतं ते त्या एकटीला. आणि तिसऱ्या बाकावर वच्छला तोंडाला पदर लावून हसत होती.

बजाबाई टॉर्च घेऊन सरळ तिच्यापाशी गेली आणि कानाशी वाकून बोलली. फार नाही, दोन वाक्यं. शेवट सांगायला तिला कधीच जास्त लागत नसत. वच्छलाचं हसू थांबलं. तिनं आईकडं पाहिलं. गोजरबाईनं नजर पडद्यावरून काढली नाही, तेव्हा पोरीला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

"मावशी, दार उगडा."

"जाशील कुटं?"

"करमाळ्याला. मामाकडं. साडेतीनची यष्टी हाय."

गोजरबाईनं लेकीचं मनगट धरलं. बजाबाईनं ते सोडवलं आणि तिला खांद्यानं खाली दाबलं. "बस तू. शेवट बघ."

तीनचा भोंगा झाला तेव्हा तिनं कडी काढली आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. दुपारचं ऊन थेट पडद्यावर गेलं. सुरा, कोट, पोरगी, सगळं पांढरं फटक झालं. पुरुषांनी बोंब ठोकली. चन्नवीर धावत आला, "ए बाई! दार लाव! नोकरीला मुकशील!"

"मुकू दे," बजाबाई म्हणाली आणि फळीला पाठ लावून उभी राहिली.

बाहेर वच्छला लंगडत रस्ता ओलांडत होती. तिला वेळ लागणारच होता. तेवढा वेळ बजाबाईनं दार उघडं धरलं.