आवाज न्हाईच की

कुठलंही मशीन चालू झालं की मामा आधी त्याच्यावर तळवा टेकवायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "गप जरा, आयकू द्या." आम्ही गप्प व्हायचो.

सांगलीतली आमची डेंटल लॅब त्यांची. दाताच्या डॉक्टरांकडून साचे येतात, आम्ही कॅप बनवून पाठवतो. मी कॅपवर पोर्सिलेन चढवते, रंग जुळवते. मामांना खुर्चीवर बसलेलं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची. ते दारातून माझ्या टेबलाशी, तिथून खिडकीशी, परत दारात. डबासुद्धा उभ्यानं खायचे. अहो, बघणाऱ्याला घेरी यायची.

दात कोरायचं मिलिंग मशीन घेतलं आणि ही येरझार आणखी वाढली. त्या मशीनला सतत दाबाची हवा लागते, तीही कोरडी आणि तेलाचा अंश नसलेली, नाहीतर दातावर डाग पडतात. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर तिथं चालत नाही. त्यात वरच्या मजल्यावर घरमालकीण बाई, निवृत्त शिक्षिका, अर्धशिशीनं बेजार. त्यांनी बजावलं होतं, "आवाज वर आला तर जागा सोडायची." जागा गेली की लॅब गेली. नव्यानं सगळं उभारायचं मामांचं वय राहिलं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

मग काय, बिनआवाजाचा कॉम्प्रेसर शोधत आज शिरवळ, उद्या सातारा. टाकी केवढी, हवा सुकवणारा ड्रायर आतच हाय का, हेच चालू. विक्रेत्याचा फोन आला की माझ्या हातात द्यायचे. "तूच बोल गं. मला रेंज येत न्हाई." त्याच खोलीत मला बरी यायची. मी आपली चिडचिड करत बोलायचे.

शेवटी माधवनगरच्या एका गोडाऊनमधून मामांनी एकट्यानंच कॉम्प्रेसर पसंत करून आणला. त्यांची उमर तिथल्याच यंत्रमागांच्या खडखडाटात गेली होती. "लय भारी हाय," म्हणाले, "आवाज न्हाईच की."

बटण दाबलं. तुम्ही तिथं असता तर कानांत बोटं घातली असती. टेबलावरच्या वाट्या नाचायला लागल्या. मामा टाकीवर तळवा टेकवून प्रसन्न हसत होते. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मीही हसले आणि हसता हसता लक्षात आलं. मामांना ऐकूच येत नव्हतं.

बाई तावातावानं जिना उतरून आल्या. मामा त्यांनाच म्हणाले, "बघा बाई, हाय का आवाज?" बाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. माझा चेहराही त्यांनी पाहिला. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "त्यांना दुखवू नकोस. पण मला हे फार दिवस सोसवणार नाही."

मामांना आम्ही कुणीच काही सांगितलं नाही. कॉम्प्रेसर हवा चांगली द्यायचा, पण तो चालू झाला की माझा जीव वरच्या मजल्यावर टांगलेला असायचा. आज बाई जागा सोडा म्हणणार, असं रोज वाटायचं. डॉक्टर आले की मामा विचारायचे, "हाय का आवाज?" आणि मी मागून खूण केली की डॉक्टरही नकारार्थी मान हलवायचे.

एका दुपारी डबा खाता खाता मामा म्हणाले, "त्या दिवसापास्नं तुमी सगळी माझ्याकडं तोंड करून बोलाय लागलाय. तवाच कळलं मला."

मी सावरायला गेले.

"आवं मामा, तसं न्हाई..."

"आगं, मी बसत का न्हाई? बसलं की तोंडं दिसत न्हाईत. कोण काय बोललं कळत न्हाई." मग म्हणाले, "बाईंचं डोकं दुखत असंल. चल, साताऱ्याला जाऊ."

साताऱ्यात विक्रेत्यानं एकेक कॉम्प्रेसर चालू केला. मामांनी एकावरही तळवा टेकवला नाही. यंत्रांकडं पाठ करून ते माझ्यासमोर उभे राहिले आणि माझा चेहरा न्याहाळत राहिले. मला रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांची निवड चुकली असती. म्हणून नीट ऐकत राहिले.

"हाच," ते एकदम म्हणाले. "तुझ्या कपाळाला आठी आली न्हाई."

तो बसवला त्या दिवशी बाईंनी जिन्यातून विचारलं, "अहो, चालू कधी करणार?" तो केव्हाचा चालू होता. मी मामांकडं तोंड करून त्यांचं बोलणं सांगितलं. मामा पिशवी बाजूला ठेवून खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच.

मामा गेल्याला आता वर्ष होत आलं. लॅब त्याच जागेत आहे, मीच चालवते. सकाळी कॉम्प्रेसर चालू केला की मी अजून त्या खुर्चीकडं तोंड करून उभी राहते. कपाळाला आठी येऊ देत नाही.