लेकाचा हात, आईचे पाय

बानाबाईनं दूध सोडलं तेव्हा भावकीतल्या बायकांचा आधी विश्वासच बसला नाही. धनगराच्या घरात जन्मलेली, दौलताबादच्या डोंगराखाली शेळ्या राखत वाढलेली ही बाई दुधावर जीव टाकायची. शेळीखाली तांब्या धरायचा आणि फेस जिरायच्या आत तोंडाला लावायचा, हा तिचा लग्नानंतरही न सुटलेला शौक. मटण तिनं नवरा गेल्यावर गळ्यात माळ घातली तेव्हाच बंद केलं होतं. अंड्याचा तर वासही चालायचा नाही. आवडीचं म्हणून एक दूधच राहिलं होतं, आणि तेही तिनं एका दुपारी बिरोबाला देऊन टाकलं.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. लेक बिभीषण वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशिनवर कामाला होता. त्याचा उजवा हात मशिनमध्ये सापडला. मनगटापासून काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले. बानाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि पदर पसरून म्हणाली, "देवा, पोराचा हात ऱ्हाऊ दे. दूध, दही, ताक, तूप, समदं सोडलं तुझ्या नावानं. मरोस्तोवर थेंब नाय घेणार." देवाला असं काहीतरी सोडायची आपल्याकडे रीतच आहे. मात्र सोडायचं ते आवडीचं. कडू कारलं सोडून कुठला देव पावत नाही.

हात वाचला. तो देवानं वाचवला की रात्रंदिवस टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी, हे विचारायची त्या घरात सोय नव्हती. दोन बोटं वाकायची राहिली, पण नोकरी टिकली. बजाजनगरात घर झालं, रत्नमालेसारखी कामसू बायको मिळाली, लेकरं झाली. बानाबाई शेळ्या विकून लेकाकडं राहायला आली आणि कोरा गुळाचा चहा पीत नातवंडांना दूधभात भरवू लागली. स्वतःचं बोटही तिनं कधी चाटलं नाही.

काही वर्षं बरी गेली. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. पुढं पुढं तर पायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटायचं. चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि ही तशीच चार घरं पुढं जायची. लोक हाका मारून सांगायचे. जीभ सोलवटून लालभडक झाली. ठेच्याशिवाय घास न उतरणारी बाई, वरणातल्या मिठानंही तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. बिभीषण म्हणायचा, "वय झालं तुझं." साठीसुद्धा गाठली नव्हती तिनं! पण आईच्या दुखण्याला वयाचं नाव दिलं की लेकाला दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही.

एकदा गिरणीच्या दारात ती दळणासकट आडवी झाली, तेव्हा रत्नमालाच तिला रिक्षात घालून गारखेड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरनं, सायली तिचं नाव, रक्त तपासलं आणि शांतपणे एकेक गोष्ट विचारली.

"आजी, जेवता काय?"

"भाकर, वरण, पालेभाजी, शेंगदाणे. समदं खाते की."

"दूध? दही?"

"नाय. नेम हाय."

"अंडी, मटण?"

"माळ हाय नं, माय."

डॉक्टरनं खुर्ची पुढं ओढली. "तुमचं जेवण वाईट नाही. पण बी-ट्वेल्व्ह म्हणून एक जीवनसत्त्व असतं, ते आपल्या नसांना लागतं. भाकरीत ते नाही, डाळीत नाही, भाजीतही नाही. दूध, अंडी, मटण सगळंच सोडलं, की ते बाहेरून घ्यावंच लागतं. तुम्हालाच नाही, कुणालाही. आधी इंजेक्शनं देते, मग रोजचं औषध. कायमचं."

"जनावराचं असतंय का ते?"

"नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढवून त्यांच्यापासून करतात. इडलीचं पीठ आंबतं ना, तशातला प्रकार. तुमचा नेम मोडत नाही."

बानाबाईचा जीव भांड्यात पडला. इंजेक्शनं सुरू झाली तशी जीभ भरून आली. एक दिवस अंगणात पायाला खडा टोचला, आणि "टोचला गं, टोचला!" म्हणत ती लहान पोरीसारखी हसली. डॉक्टरनं मग रोज घ्यायच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

इथंच माशी शिंकली. बिभीषणला कंपनीत कुणीतरी सांगितलं की कॅप्सूलचं वरचं टरफल जनावराच्या हाडांपासून करतात. हे खोटं नव्हतं. पुष्कळदा करतात. पण तेच औषध साध्या गोळीतही मिळतं, इंजेक्शनात तर टरफलच नसतं. डॉक्टरला एक फोन केला असता तर काम झालं असतं. त्यानं फोन केला नाही. कॅप्सूल कचऱ्यात टाकल्या आणि इंजेक्शनंही बंद करून टाकली. म्हणे, संशयाचं काही पोटात जायला नको.

"अरं, ती डॉक्टरीण म्हणली नं, नेम मोडत नाय म्हून," बानाबाई म्हणाली.

"तिला काय ठावं आपला देव?"

"मंग देवालाच इचारू. कौल लावू. तो म्हणला तर सुटंल नेम."

बिभीषण डाव्या हातानं उजव्या हाताची ती ताठ बोटं चोळत राहिला. "आन कौल उलटा आला तर? माझ्या हाताला काय झालं तर लेकरं कुणी पोसायची?"

तेव्हा बानाबाईला उमगलं. लेक तिचा नेम राखत नव्हता, हात राखत होता. तिला राग आला, आणि त्या रागाचीच लाज वाटली, कारण तो हात तिनंच तर मागून घेतला होता.

तरी दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "रत्नमाला, वाटीभर दूध दे मला. पाप लागलं तर मला लागंल."

रत्नमालेनं पातेलं मागं ओढलं. "आत्याबाई, पाया पडते तुमच्या. तुमचे पाय गेले तर मी उचलून नेईन, हागणं-मुतणं काढीन. त्यांचा हात गेला तर मी काय करू?" ती रडत होती. पण पातेलं तिनं उंच फळीवर ठेवलं, जिथं बानाबाईचा हात पोचत नव्हता. दिलेला शब्द मात्र तिनं पुढं खरा केला. सासूला उचलण्यात तिनं कधी कुचराई केली नाही.

पुढच्या दसऱ्यापर्यंत बानाबाई खाटेला लागली. रत्नमालेनं गारखेड्याला पुन्हा नेलं तेव्हा डॉक्टर सायली आधी रागावली, मग तिनं टाचणी टोचून पाय तपासले. इंजेक्शनं आता देते, पण नसा फार वाळल्या आहेत, गेलेलं सगळं परत येईल असं नाही, म्हणाली. ती इंजेक्शनंही बिभीषणनं घेऊ दिली नाहीत.

आणि बजाजनगरात बानाबाईचं नाव झालं. लेकासाठी दूध सोडलेली माउली! दसऱ्याला गल्लीतल्या बाया सोनं द्यायला आल्या, तशा तिच्या पायांवर डोकं ठेवून गेल्या. बिभीषण दारात उभा राहून येईल त्याला उजवा हात दाखवत हकीकत सांगत होता.

गर्दी पांगली. शेजारची पारूबाई खाटेशी गप्पा मारत बसली होती, तेवढ्यात बिभीषण आत आला आणि वाकला. बानाबाई बोलतच राहिली.

"अगं, लेक पाया पडतोय. आशीर्वाद तरी दे," पारूबाई म्हणाली.

बानाबाईनं खाली पाहिलं. त्याचा उजवा हात तिच्या पावलावर होता.

"दाब," ती म्हणाली.

त्यानं दाबलं.

"जोरात दाब."

त्यानं अंगातली सगळी ताकद लावली. तिचं पाऊल पांढरं पडलं.

"नाय कळत," बानाबाई म्हणाली. "हात चांगला झाला बग तुजा. आता देवापाशी आनिक काय मागू नको, बिभीषणा. सोडायला माझ्याजवळ काय ऱ्हायलं नाय."