बरणीतलं प्यायचं पाणी

आई आज ठणठणीत आहे, माझ्यावर डाफरते, म्हणून हे हसत सांगता येतंय. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. आमच्या अहमदपुरात टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मात्र नवा जिल्हा कुठला होणार यावर लोक तासन्‌तास तंडायचे. करा म्हणावं जिल्हा, आधी नळाला पाणी सोडा! माझं डोकं तेव्हा कायम तापलेलं असायचं, कारण आईच्या छातीत कॅन्सरची गाठ होती.

नांदेडला ती गाठ काढली. सर्जननी गाठीला काप देऊन, मांस सडू न देणाऱ्या फॉर्मलिनमध्ये बुडवून बरणी माझ्या हातात दिली आणि लातूरच्या लॅबमध्ये न्यायला सांगितली. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तरी त्यांनी बसवून समजावलं. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. काहींच्या आधाराने ती आपली जागा धरून राहते, काहींतून तिला जगत राहण्याचा निरोप मिळतो. काही गाठींत यातला एक रिसेप्टर बेसुमार वाढतो. तो सापडला तर त्यालाच अडवणारं औषध आहे. निरोप तुटला की पेशी वाढायची थांबते, मरतेही. पण गाठ सबंध काढलेली, तपासायला एवढीच. ती खराब झाली तर कुठलं औषध द्यायचं हे कळायची वाटच बंद.

मधे रविवार आला, लॅब बंद. बरणी घरीच राहिली. सोमवारी आई घरी थांबायला ऐकेना, म्हणून तिलाही घेऊन मी लातूरची बस धरली. आदल्या दिवशी झाकण लावूनही त्या बरणीचा वास डोळ्यांना झोंबत होता, आणि आज काहीच नाही. मी आईला विचारलं.

"घाण पाणी व्हतं. निघताना बदललं," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या अंगाचं हाय ते. प्यायच्या पाण्यात ठिवलंय."

कपाळ माझं! पाहुण्यालाही अर्धाच पेला देणाऱ्या या बाईने माठातलं तांब्याभर पाणी गाठीला दिलं होतं. मी भर बसमध्ये तिला नाही नाही ते बोलले. कंडक्टर बघत राहिला. आई खिडकीबाहेर बघत बसली.

लॅबमधल्या डॉक्टरबाईंनी सगळं विचारून घेतलं, काप दाबून पाहिले. फॉर्मलिन दोन दिवसांत आतपर्यंत मुरलं असावं, म्हणाल्या, पण रिपोर्ट आल्याशिवाय खात्री नाही. मग आठवडाभर आमच्या घरात कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. आई तर फारच थोडं पाणी प्यायची. मला वाटलं, दुष्काळाची सवय.

रिपोर्ट घेऊन आम्ही नांदेडला गेलो. सर्जननी वाचला आणि ते पहिल्यांदाच हसले. तपासणी नीट झाली होती, रिसेप्टर भरपूर सापडला होता, ते औषध आईला चालणार होतं. मला रडूच फुटलं.

आईने त्यांना एवढंच विचारलं, "मंग माझ्या पाण्यानं काई बिघडलं न्हाई ना?"

"काहीच नाही, मावशी."

"लई भ्या वाटायलं व्हतं. घोट घशाखाली उतरंना."

मग तिने माझ्या पिशवीतली बाटली काढली आणि तिथेच बसून घटाघटा सगळी संपवली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. परतीच्या वाटेला पाणी उरलं नव्हतं, तरी मी काही बोलले नाही.